फळीची बेचकी

...आणि सुपातल्या तांदळाबरोबर तो उडाला, खाली आला, पुन्हा उडाला — पेराएवढा लाकडाचा तुकडा. एका टोकाला घासून गोल केलेला, दुसऱ्या टोकाला ताजा मोडलेला. पेराएवढा हा शब्द जमनानं मनातल्या मनात मागे घेतला. सुपारीएवढा म्हणू. आठ महिने ती असे शब्द मागे घेत आली होती — पेर, नख, चुटकी. मीठ सांगतानासुद्धा चिमूटभर म्हणायची नाही, थोडंसं म्हणायची — आणि घरात हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण घरात होतं कोण? सासू दिवसभर किनाऱ्यावर, आणि नवरा, पुंडलिक, मागच्या पडवीत.

तुकडा तिनं उचलला. बेचकीचा कान होता. बेचकीला एक मूठ आणि दोन कान. कानांना सायकलच्या ट्यूबचं रबर बांधायचं आणि खडा मारायचा. काल संध्याकाळी रबर ताणून बघताना एक कान तुटला आणि भिर्रकन कुठंतरी गेला. "गेला," एवढंच पुंडलिक म्हणाला होता. तांदळाच्या डब्यात गेला होता. सातवा.

(करवत थांबली. का थांबली. पान तुटलं असेल. नवं बसवत असेल. एका हातानं कसं बसवतो, मी कधी पाहिलं नाही, पाहायला गेले तर तो हात पंचाखाली घेतो. — सुरू झाली.)

ही करवत म्हणजे जिगसॉ. तारापूरच्या साइटवर सगळे तिला तसंच म्हणत, म्हणून तोही म्हणे, म्हणून जमनाही. वाकवलेल्या सळईची खोल चौकट आणि तिच्यात ताणून बसवलेलं दोऱ्याएवढं बारीक पान; फळीतून वर-खाली जातं, आणि वळवाल तिकडं वळतं. प्रतापनं आणून दिली. तिकडं विजेच्या कारखान्याचं एवढं मोठं काम चाललेलं, हजारो माणसं त्यावर, पण पुंडलिकला शोधत चिंचणीपर्यंत आलेला माणूस एकच — हा उत्तरेकडचा फिटर. आठ महिन्यांपूर्वी साइटवर गोल करवतीतून फळी उसळली आणि पुंडलिकचा डावा हात तिच्याबरोबर पुढं गेला, तेव्हा आपला शर्ट काढून हाताला गुंडाळणाराही तोच. सायकलच्या कॅरिअरला एक लांब फळी बांधून आला होता. परदेशातून मशीनं ज्या खोक्यांतून येतात त्यातल्या एका खोक्याची, वर काळी इंग्रजी अक्षरं. "भाभी," दारातच म्हणाला, "इसको हाथ में कुछ दो. कुछ भी." आणि मग स्वतःच्याच शब्दाला घाबरल्यासारखा चहा न घेता निघून गेला.

बेचकीचं मात्र सासूनं काढलं. येसूबाईचे बोंबील वलांडीवर सुकत असतात — बांबूच्या उंच चौकटी, त्यावर ओळीनं अडकवलेले बोंबील, आणि चौकटीच्या माथ्यावर तितक्याच ओळीनं कावळे.

"कावले असे बसतात, जसं काय मीच त्यांना पंगतीला बोलावलं," ती म्हणाली. "पुंडल्या, बसलायस तं एक बेचकी तरी करून दे रं."

बसलायस. हा शब्द त्या घरात येसूबाईच उच्चारू शकत होती. जमनानं तेव्हा श्वास धरला होता, आणि तो मात्र उठून फळी आणायला गेला होता.

तर सात बेचक्या झाल्या आणि सातही मोडल्या. त्या का मोडल्या ते जमनाला पहिलीलाच कळलं होतं.

हेच तर. हेच गेले दहा दिवस तिच्याजवळ होतं, टाकता येत नव्हतं आणि काढून दाखवता येत नव्हतं —

लाकडाच्या रेषा. फळीत रेषा लांबीनं जातात, नदीसारख्या एका दिशेनं. बेचकी त्या दिशेनं उभी कापली तर मुठीतून कानांत रेषा चढतात, आणि कान धरून राहतो. आडवी कापली तर रेषा कानाला मुळाशीच कापून जातात. रबर ताणायची खोटी, कान सुटतो, वडीसारखा. आणि तो दर वेळी आडवी कापत होता. साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यानं नमुना केला होता, तो फळीवर आडवा ठेवायचा, चपट्या पेन्सिलीनं भोवतीनं रेघ मारायची, आणि — कुर्र, कुर्र, कुर्र — तासभरानं एक देखणी, गुळगुळीत, मोडायला तयार असलेली बेचकी.

हे जमनाला कोणी शिकवलं? तिच्या बापानं. नवशा, होड्यांचा सुतार. होडीच्या पोटातल्या वाकड्या फासळ्यांसाठी तो माकुणसारकडं झाडं बघायला जायचा. सरळ लाकडातून वाक कापून काढणाऱ्या सुताराशी तो बोलायचा नाही. मुळातच वाकडी वाढलेली फांदी शोधायची. झाडाखाली उताणा पडून वर बघत राहायचा, दुपारभर, जसं काही झाडच त्याला हाक मारणार आहे. आणि त्याच्या शेजारी उताणा पडलेला असायचा एक काळासावळा उंच मुलगा, दाढीची कोवळी लव आलेला. पाच वर्षं तो बापाच्या हाताखाली होता. मी भाकरी घेऊन जायची. दोघंही मला बघून उठायचे नाहीत. "ती बग, तिसरी फांदी," बाप म्हणायचा. "नाय, चौथी," तो म्हणायचा. आणि एकदा बाप म्हणाला, "चौथीच गं. पोराला दिसतं."

तो पोरगा हा. त्यालाच दिसेनासं झालं?

ही भीती होती, आणि ती बोटांच्या भीतीपेक्षा मोठी होती. बोटं गेली, दोन गेली, तर्जनी आणि तिच्या शेजारचं. डॉक्टरनं टाके घातले, जखम भरली. पण त्या करवतीनं आणखी काही नेलं असेल तर? जे कापडात गुंडाळून दवाखान्यात नेता येत नाही असं काही? ती तांदूळ पाखडायची, आणि आतून विचारायची, तुम्ही विसरलात? रेषा विसरलात? — आणि वरून म्हणायची, "चा ठेवू?"

"चालेल."

चालेल. आठ महिने तो सगळ्याला चालेल म्हणत होता. आमटीत मीठ नव्हतं, चालेल. कौल फुटलंय, चालेल. आणि आज पाचनंतर प्रताप येणार होता उत्तर घ्यायला: साइटवर स्टोअरमध्ये जागा आहे, बसून काम, सुतारांना सकाळी हत्यारं काढून द्यायची, संध्याकाळी परत ठेवून घ्यायची. ठेकेदारानं दया केली होती. दुसऱ्याच्या हातात रंधा द्यायचा, दुसऱ्याच्या हातून रंधा घ्यायचा. जमनानं डोळ्यांपुढं आणून पाहिलं होतं — खिडकीच्या गजांमागं तो, आणि बाहेर रांग, प्रत्येकाची दहा बोटं. पुंडलिक आज तिथंही चालेल म्हणेल. तिला खात्री होती. आठवी बेचकी मोडली की म्हणेल.

म्हणजे सांगायला हवं. म्हणजे आजच. काय सांगायचं — नवशा सुताराच्या चेल्याला, बायकोनं, की फळीला रेषा असतात?

कुर्र... कुर्र...

"कोण हाय का घरात, का सगळी दर्यावर गेली?"

बायडी होती. डोंगराकडून मोळी घेऊन यायची ती वारलीण. वय कुणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नसावं. मोळी तिनं मागच्या अंगणात टाकली, चुंबळ सोडून तोंड पुसलं आणि सरळ पडवीत जाऊन पुंडलिकपुढं बसली. जमना दाराआड उभी राहिली. दाराआड उभं राहायला ती कधी शिकली होती? हीही आठ महिन्यांतलीच विद्या.

"काय कापतोस दादा?"

"बेचकी. कावल्यांना."

"फळीतून?" बायडीनं फळी बोटानं वाजवून पाहिली. "आमच्या रानात झाडाला दुसरं काय लागतं? दोन फांद्या फुटल्या का बेचकीच. उद्या मोळीत बांधून आणते, पाहिजे तेवढ्या."

"तुझ्या झाडावर इंग्रजी लिवलंय का?" त्यानं फळी तिच्यापुढं सरकवली, कापायच्या जागी एका काळ्या अक्षराचं अर्धं पोट आलं होतं. "माझ्या बेचकीवर हाय बग."

"कावल्याला वाचता येतं काय?"

तो हसला. आवाज करून हसला. दाराआड जमनाचा हात तोंडाशी गेला, आणि तेवढ्यात —

"दाव बगू," बायडी म्हणाली.

"काय?"

"हात रं."

आणि तिनं वाट पाहिली नाही. पंचा बाजूला केला आणि तो हात आपल्या मांडीवर घेतला, एखादी भाजी निवडायला घ्यावी तसा. उलटा केला, सुलटा केला. बोटं नव्हती तिथं अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"दुखतं?"

"थंडीत."

"बोट नाय तिथं खाज येते?"

पुंडलिकनं तिच्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "येते. तुला कसं ठाऊक?"

"माझ्या बापाला येयाची. पायाचा आंगठा नव्हता त्याला. मग आय काय करायची, आंगठा असता तिथली भुई खाजवायची." बायडी हसली. "बरं वाटायचं म्हाताऱ्याला. खरं सांगते." आणि मग दाराकडं न बघताच, "तू कशाला गं तिथं उभी, जमनाबाय? पाणी दे."

पाणी दिलं. गूळ दिला.   खाज येते. आठ महिने येते. अंथरुणात शेजारी पडून येत असेल, आणि मी चुटकी हा शब्द टाळत बसले... मी त्याची नजर सांभाळली, पंचा सांभाळला, वळताना त्याच्या उजव्या अंगालाच वळले, आणि एक परकी म्हातारी येते, हात मांडीवर घेते, आणि तो देतो. मला दिला असता? मी मागितला होता?

बायडी गेली. जमनानं या वेळी आत जायचं टाळलं. शेणकूट रचायच्या निमित्तानं पडवीच्या कडेला राहिली, आणि तो बसला तो कसा बसला ते पहिल्यांदाच, सरळ, पाहिलं.

पाटावर फळी. फळीचा लांब भाग त्यानं डाव्या पायाखाली घेतला आणि टाच दाबली. पुढं पाटाबाहेर आलेल्या टोकावर आडवी बेचकी आखलेली. करवत त्या टोकातून आरपार फिरत होती, पायापासून दूर, आणि फळी हलत नव्हती. डावा हात मांडीवर नुसता पडलेला होता. त्याला काम नव्हतं.

आणि उभी आखली असती तर — तिनं मनात नमुना फिरवला — उभी आखली असती तर करवत लांबीनं आत शिरली असती, टाचेकडं. पाय काढावा लागला असता; नुसता मागं घेतला तर बाहेर आलेलं लांब टोक करवतीबरोबर नाचलं असतं. मग फळी कशानं धरायची? डाव्या हातानं, पानाच्या अगदी जवळ, सगळी बोटं पसरून. किंवा फळी आवळून धरणाऱ्या शिकंज्यात, पण शिकंजा साइटवरचा, ठेकेदाराचा. किंवा मग कुणीतरी समोर बसून —

अगं बाई.

तो विसरला नव्हता.

त्याला रेषा दिसत होत्या, पहिल्या दिवसापासून दिसत होत्या. सातही बेचक्या मोडणार हे आखतानाच ठाऊक होतं, आणि तरी त्यानं त्या कापल्या, घासल्या, पॉलिश-कागदानं गुळगुळीत केल्या, रबर बांधलं, ताणलं, मोडल्यावर "गेला" म्हटलं — कारण दुसरा रस्ता म्हणजे हाक मारणं होतं. जमना, जरा धर. एवढे तीन शब्द. त्यापेक्षा सात बेचक्या मोडणं सोपं होतं त्याला. आणि मी दहा दिवस इकडं चुलीपाशी बसून त्याची अक्कल मोजते आहे! बापाला काय तोंड दाखवू?

तिला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. शेणकूट चुरगळून गेलं हातात.

दुपारी जेवण. भात, सुक्या करंदीची आमटी. मीठ तिनं मुद्दाम कमी टाकलं, बोलतो का बघायला. तो जेवला. "प्रताप पाचला येतो म्हणालाय," तो म्हणाला, भाताकडं बघत. ती "हं" म्हणाली. या "हं"च्या पोटात एवढं सगळं होतं की त्याला ते ऐकू कसं गेलं नाही याचंच तिला नवल वाटलं. मग तो भिंतीकडं तोंड करून पडला, डावा हात छातीखाली घेऊन, आणि श्वास लांब झाला.

पडवी. फळी. पुठ्ठ्याचा नमुना. चपटी पेन्सिल.

ती पाटापुढं बसली. नमुना उचलला, फिरवला, अर्धवट कापलेली आडवी आठवी तशीच सोडून फळीच्या दुसऱ्या टोकाशी रेषांबरोबर उभा ठेवला. आणि थांबली. एक रेघ मारली की मागं घेता येणार नाही. रेघ म्हणजे बोलणंच — तुमचं मला कळलंय, तुम्ही का मोडता ते कळलंय. हे कळलेलं त्याला सोसेल? बायडी चालली, कारण बायडी दुसऱ्या दिवशी घरात नसते. मी असते. बायकोनं आपलं लपवलेलं बघितलं म्हणून एखादा माणूस करवत खुंटीला लावेल आणि पाच वाजता दारात उभा राहून म्हणेल, चालेल, उद्यापासून येतो. तसं झालं तर ते माझ्यामुळं होईल. नाही आखलं तर आठवी मोडेल, आणि तेही... दोन्हीकडून तेच. दोन्हीकडून तेच, तर मग —

पेन्सिल चालली. मूठ सरळ आली. डावा कान बरा आला. उजव्या कानाशी पुठ्ठा सरकला आणि रेघ पोट सुटल्यासारखी बाहेर गेली.

ती पुसायच्या आत मागं पावलं वाजली. तो केव्हा उठला होता?

 रस्त्यावरून साइटचा ट्रक गेला. पडवीची कौलं थोडी वाजली.

"हे कुणी काढलं?"

"मी."

तो खाली बसला. फळीवर वाकला. आता म्हणेल. आता उठेल.

"वाकडा काढलास उजवा कान."

"मग नीट काढा."

त्यानं अंगठा ओला करून रेघ पुसली. पेन्सिल उजव्या हातात घेतली, एका झोकात कान नवा काढला, आणि क्षणभर त्याकडं बघत राहिला. मूठ तिनं काढलेली तशीच राहू दिली. उभी. मग करवत घेतली आणि फळी पाटावर ठेवली, आणि टाच सवयीनं पुढं आली, आणि तिथं टाचेला जागा नव्हती.

टाच तशीच हवेत राहिली.

(म्हणा. तीन शब्द आहेत. मी म्हणू? मी म्हटलं तर ते माझे होतील. म्हणा तुम्ही.)

त्यानं पाय मागं घेतला. करवतीचं पान अंगठ्यावर तपासलं, उगाच. मग पाट थोडा तिच्याकडं सरकवला — थोडासाच, चार बोटं — आणि वर न बघता म्हणाला, "पुढं ये."

ती पुढं आली. गुडघे पाटाला टेकले. दोन्ही तळवे फळीवर ठेवले, रेघेच्या दोन बाजूंना, आणि पान आत शिरलं. फळी एकदम जिवंत झाली. इतके दिवस आवाज होता तो आता तळव्यांतून कोपरापर्यंत चढत होता, दातांत उतरत होता; आणि पान तिच्या अंगठ्यापासून दोन बोटं, दीड बोट... तिनं डोळे मिटले नाहीत. लांबीनं कापताना पान रेषेत अडकून ओढलं जात होतं, फळी उडी मारायला बघत होती.

"दाब."

ती दाबते.

"एवढं नको. पान धरलं जातंय."

ती सैल करते.

"आता दाब. आता... अगं, कुठं बगतेस? फळीकडं बग, माझ्या तोंडाकडं काय हाय?"

"फळीकडंच बगते."

"हालली. ही बग, हालली. रेग सुटली माझी. झोप लागली काय तुला बसल्या बसल्या?"

आणि जमनाला राग आला.

असा सरळ, पोटातून, कानाच्या पाळ्या तापवत. "सांगितल्याबिगर कसं कळायचं?" ती म्हणाली. "मी काय तुमच्या डोक्यात बसलेय? कुठं धरायचं ते सांगा आधी आणि मग ओरडा."

"सांगतोय नं. डावीकडं घे. डावीकडं म्हणजे — इकडं," आणि त्यानं तिचा पंजा धरून बाजूला सरकवला, खाली दाबला, दाबूनच ठेवला. "असं. अशी धर."

करवत पुन्हा चालू झाली. आपला पंजा त्यानं कुठल्या हातानं सरकवला हे तिच्या लक्षात यायला तीन-चार ओढी जाव्या लागल्या. उजवा तर करवतीवर होता. ती बघायला गेली नाही. तीनच ठिकाणी लागत होता तो हात, आणि मध्ये एक रुंद, उबदार जागा होती, आणि ती तशी आहे म्हणून आता काही मनात मागे घ्यायला तिला फुरसतच नव्हती, कारण ती रागावलेली होती. कधीपासून रागावली नव्हती ती या माणसावर? मऊ बोलली, हळू चालली, पान्हा आल्यासारखी सारखी ओथंबत राहिली, आणि त्याच्यावर एकदाही, एका भांड्याच्या आपटण्याइतकीही, रागावली नाही. जणू तो घरातला माणूस नव्हता, पाहुणा होता, उद्या जाणारा. मेला ओरडतो कसा. स्वतः सात मोडल्या आणि माझी एक रेघ सुटली तर...

लांब कुठंतरी सायकलची घंटा वाजली. कुणाची ते सांगता आलं नसतं. प्रतापला तो काय उत्तर देईल हे तिला माहीत नव्हतं. सकाळी जी खात्री होती ती शोधायला गेली तर हाती लागेना, आणि शोधायला सवडही नव्हती.

"डावीकडं," तो म्हणाला.

"डावीकडंच आहे," ती म्हणाली. पान आता कानाच्या वळणाशी आलं होतं, आणि तिचा राग काही उतरत नव्हता.